कोमाद्रेचा शब्द

मधला मजला रिकामा होऊन सहा आठवडे झाले होते. पहिले काही दिवस देओलिंडाला डोक्यावरची शांतता बरी वाटली, मग तीच अंगावर यायला लागली. तीन मजली लाकडी घर म्हणजे एकावर एक रचलेले तीन डबे. मधला रिकामा असला की खालच्यालाही थंडी वाजते आणि वरच्यालाही. सगळ्यात वर एक बहिरा सुतार बावीस वर्षं राहत होता. त्याची कधी कसली तक्रार नसे. तळमजल्यावर देओलिंडा फुर्तादो, सत्त्याहत्तर वर्षांची, एकटी. मधल्या मजल्याच्या भाड्यावर घराचा कर भागायचा आणि हिवाळ्यात घर तापवायच्या तेलाची टाकी भरायची. तिथल्या खिडकीतली भाड्याची पाटी एका बाजूने सुटून लोंबत होती. ती सरळ करायला एक जिना चढावा लागला असता, आणि तेवढाही उत्साह तिला राहिला नव्हता.

हे घर तिने आणि वेनान्सियोने एकोणऐंशी साली घेतलं, तेव्हा फॉल रिव्हरच्या त्या टेकडीवर सगळी आपलीच माणसं होती. आपली म्हणजे समुद्रापलीकडच्या पोर्तुगीज बेटांवरची. कोण साओ मिगेलचं, कोण सांता मारियाचं. भाडेकरू ठेवायला तेव्हा कागद लागत नसत. दारात माणूस उभा राहिला की वेनान्सियो एवढंच विचारायचा, "तू कुणाचा?" माणूस बापाचं नाव सांगायचा, गाव सांगायचा, आणि पाच मिनिटांत दोघांचा कुठलातरी सामाईक मामा निघायचाच. तेवढ्यानेही वेनान्सियोचं समाधान होत नसे. दोन दिवसांनी तो न सांगता त्या माणसाच्या तेव्हाच्या बिऱ्हाडी जायचा, "इकडून चाललो होतो" म्हणत कॉफी पिऊन यायचा.

"काय म्हणाला?" देओलिंडा विचारायची.

"म्हणाला काय, ते सोड. शेगडी पुसलेली होती."

मग किल्ली द्यायची. चाळीस वर्षांत एका भाडेकरूने न्हाणीघरात कोंबड्या पाळल्या आणि एकाने नाताळच्या दिवशी दारू पिऊन जिन्याचा कठडा तोडला, पण फसवलं असं कुणी नाही.

वेनान्सियो जाऊन सात वर्षं झाली. "तू कुणाचा" असं विचारणं आता कायद्यात बसत नाही, असं तिची मुलगी नेलिया सांगते. "आई, कुणाचा, कुठला, चर्चला जातोस का, यातलं काही विचारायचं नाही. कागद बघायचे." म्हणून देओलिंडाने दोन वर्षांपूर्वी कागद बघून कोल्बी नावाच्या माणसाला जागा दिली. कागद असे की फ्रेम करून लावावेत. पगाराच्या पावत्या, बँकेची पत्रं, आधीच्या घरमालकाची शिफारस. सगळं त्याने घरी कॉम्प्युटरवर बसून केलं होतं. आधीचा घरमालक म्हणून फोनवर गोड बोलला तो त्याचा मेव्हणा निघाला. पहिला महिना सोडला तर कोल्बीने भाडं दिलं नाही, आणि त्याला बाहेर काढायला चौदा महिने लागले. कोर्टाच्या त्या लाकडी बाकावर देओलिंडा इतक्या वेळा बसली की तिथली कारकून बाई तिला "कशी आहे तब्येत?" विचारायला लागली. जाताना कोल्बीने स्वयंपाकघरातलं सिंकसुद्धा उखडून नेलं.

तेव्हा नेलियाने आईकडून शब्द घेतला. नेलिया सीकाँकला राहते, अर्ध्या तासावर. "आणखी एकदाच, आई. या खेपेला फसलीस तर घर विकायचं आणि माझ्याकडे यायचं. तुझी खोली तयार आहे." देओलिंडाने ती खोली पाहिली होती. स्वच्छ, उबदार खोली, आणि खिडकीतून गॅरेजचं दार दिसायचं. दुसरं काही दिसत नव्हतं. इथल्या मागच्या व्हरांड्यातून निदान नदी दिसते, पूल दिसतो, शेजारच्या घरांच्या कपड्याच्या दोऱ्या दिसतात. पण चौदा महिन्यांनंतर वाद घालायचं त्राण नव्हतं. तिने शब्द दिला.

जाताना नेलियाने फ्रिजवर अननसाच्या चुंबकाखाली एक कागद लावला. त्यात लिहिलं होतं की नोकरीच्या पत्रावर छापलेल्या नंबरावर फोन करायचा नाही, कंपनीचा नंबर आपण शोधायचा. घरमालक म्हणून कुणी बोललं तर ते घर खरंच त्याच्या नावावर आहे का, हे नोंदणी कचेरीत विचारायचं. ओळखपत्र हातात घेऊन बघायचं, फोनमधला फोटो चालणार नाही. पैसे बँकेत जमा झाल्याशिवाय किल्ली नाही. खाली दोन रेघा ओढून: दया नाही.

"ही शेवटची ओळ तुझ्या बापाने वाचली असती तर हसला असता," देओलिंडा म्हणाली.

"बाबांच्या काळात माणसं पगाराची पावती घरी छापत नव्हती, आई."

ईस्टरनंतरच्या दुसऱ्या रविवारी ओतिलियाचा फोन आला.

ओतिलिया आणि देओलिंडा एकाच साली बेटावरून आल्या आणि पडद्यांच्या कारखान्यात एकमेकींच्या शेजारच्या मशीनवर तीस वर्षं बसल्या. नेलियाच्या बाप्तिस्म्याला तिला हातात धरून उभी राहिली ती ओतिलिया. त्या दिवसापासून दोघींनी एकमेकींना नावाने हाक मारली नाही. मुलीची आई आणि मुलीची धर्मआई एकमेकींच्या कोमाद्रे होतात, आणि कोमाद्रे झाल्यावर नाव घेणं म्हणजे उद्धटपणा. कोमाद्रेशी भांडता येतं, तिच्यावर रुसता येतं, पण तिच्या शब्दाची खातरजमा करायची नसते. तसं केलं तर बाप्तिस्म्याचं पाणीच खोटं म्हटल्यासारखं होतं.

"कोमाद्रे, तुझा मजला अजून रिकामाच ना?" ओतिलियाने विचारलं.

"रिकामाच. माझ्यासारखा."

"मग ऐक. माझ्याकडचा ट्रॅव्हिस आहे ना, वरच्या मजल्यावरचा, त्याला थोडी मोठी जागा हवीय. बायको आहे, लहान मुलगी आहे. मासळीच्या शीतगृहात कामाला आहे, न्यू बेडफर्डला."

"तुझा भाडेकरू मला का देतेस गं? सोनं कुणी दुसऱ्याच्या पेटीत ठेवतं का?"

मग ओतिलिया म्हणाली, "सोनंच आहे, कोमाद्रे. मला आता वरती कुणी नको. वय झालं. पावलं वाजली की झोप मोडते."

मंगळवारी ट्रॅव्हिस आला. तिशीचा, उंच, हातावर मासळीचं चित्र गोंदलेलं. आत येण्याआधी पायपुसण्यावर बूट नीट पुसले. मधल्या मजल्यावर नळ सोडून बघितला, खिडकी वरखाली करून बघितली आणि म्हणाला, "ही दोरी तुटलीय. मी बसवून देईन, मिसेस फुर्तादो." खाली येताना न सांगता तिचा कचऱ्याचा डबा रस्त्यापर्यंत नेऊन ठेवला. तिने त्याला कॉफी दिली, गोड पाव दिला. त्याने दोन तुकडे खाल्ले.

"माझा क्रेडिट रिपोर्ट काही खास नाही, आधीच सांगतो," तो म्हणाला. "बायकोच्या हॉस्पिटलची बिलं थकली होती. पण ओतिलियाबाई सांगतील तुम्हाला."

"सांगितलंय तिने."

"मग काय! त्या तर मला मुलासारखं मानतात."

कागदाचं पाकीट टेबलावर ठेवून तो गेला, आणि जाताना देओलिंडाच्या तोंडून निघून गेलं, "शनिवारी या. किल्ली घेऊन जा." कोमाद्रेने सांगितलं होतं. पुढे बघायचं काय होतं?

पाकीट तिने बुधवारी उघडलं, तेही नेलिया फोनवर विचारील म्हणून. पगाराच्या तीन आठवड्यांच्या तीन पावत्या, शीतगृहाचं पत्र, ओळखपत्राची प्रत. तिने चष्मा लावला. इंग्रजी अक्षरं तिला अजून सावकाश लागतात, पण पगाराची पावती वाचायला तिला अक्षरं लागत नाहीत. कारखान्यात नगावर पैसे मिळायचे. शिवलेल्या प्रत्येक गठ्ठ्याचं एक कुपन असायचं. दर शुक्रवारी ती आणि ओतिलिया जेवणाच्या सुट्टीत कुपनं आणि पावती शेजारी शेजारी मांडून बघायच्या. एकदा कचेरीने ओतिलियाची चाळीस कुपनं गिळली, तेव्हा ओतिलिया मशीनच्या टेबलावर चढून उभी राहिली होती आणि सगळा विभाग पाऊण तास बंद पडला होता. तेव्हा ती केवढी होती! पावणेपाच फूट. टेबलावर चढून सुपरवायझरच्या डोळ्याला डोळा भिडवत होती.

पावतीच्या कोपऱ्यात वर्षारंभापासूनची एकूण रक्कम असते. आठवडा सरला की त्या आठवड्याच्या पगाराएवढी ती वाढायला हवी. ट्रॅव्हिसच्या पहिल्या आणि दुसऱ्या पावतीत ती तसूभरही हलली नव्हती. तिसऱ्या पावतीत जादा तासांचे पैसे जास्त होते, पण कर कापला होता आधीइतकाच, शेवटच्या सेंटपर्यंत. देओलिंडाने पेन्सिलीने पाकिटाच्या मागे आकडे मांडून पाहिले, खोडले, पुन्हा मांडले. मग चष्मा काढून डोळे चोळत बसली. तिला राग आला नाही. फार जड वाटलं फक्त. जिना चढून आल्यावर किल्ली खालीच राहिल्याचं आठवावं, तसं.

"कोमाद्रेचा शब्द आहे," ती मोठ्याने म्हणाली. मग फ्रिजवरच्या कागदाकडे पाहिलं.

पत्रावर छापलेल्या नंबरावर तिने आधी फोन केला. पाच रिंगनंतर कुणीतरी उचलला. "हॅलो?" मागे कुत्रा भुंकत होता. मग एकदम आवाज बदलून, "हां, शीतगृह. बोला." देओलिंडाने फोन ठेवून दिला. मग नेलियाने शिकवलं होतं तसं फोनमध्ये शीतगृहाचं नाव एकेका बोटाने लिहून तिने खरा नंबर काढला. तो वेगळाच होता. तिकडे एक बाई बोलली. मागे कुत्रा नव्हता, यंत्रांची घरघर होती.

"त्या नावाचं इथे कुणी नाही, बाई. घर भाड्याने देताय का?"

"हो."

"या महिन्यात तुम्ही तिसऱ्या."

देओलिंडाच्या मनात पहिला विचार आला तो कोमाद्रेचा. बिचारी! एकटी, डोळ्यात मोतीबिंदू, पावत्या आता तिला कुठे दिसायला. तो तिलाही असेच कागद दाखवून घुसला असणार, आणि ती त्याला मुलासारखा मानते. हे फोनवर सांगायची गोष्ट नव्हती. समोर बसून, हात धरून सांगायला हवं. शुक्रवारी जावं असं तिने ठरवलं.

शुक्रवारी सकाळी ती गोड पाव घ्यायला बेकरीत गेली. ईस्टरनंतरच्या सात रविवारांत पवित्र आत्म्याचा चांदीचा मुकुट सात घरी जातो, प्रत्येक घरी एक आठवडा. चिठ्ठ्या टाकून घरं ठरतात. मुकुट घरात आला की दिवाणखान्यात फुलांची वेदी करायची आणि आठवडाभर दार उघडं ठेवायचं. रोज संध्याकाळी कुणीही यावं, रोझरीची माळ म्हणावी, खाऊन जावं. ओतिलियाची चिठ्ठी यंदा निघाली होती, एकोणीस वर्षांनी. येत्या रविवारपासूनचा आठवडा तिचा. हिवाळाभर ती वेदीचं कापड विणत होती.

"कोमाद्रेकडेच चाललेय," देओलिंडा बेकरीवाल्या ग्रासिंडाला म्हणाली. "मुकुटाच्या आठवड्यासाठी तिने पाव किती सांगितलेत? मीही थोडे देईन म्हणते."

ग्रासिंडाने हातातली पिशवी खाली ठेवली. "तुम्हाला नाही सांगितलं? त्यांनी मुकुट नको म्हणून कळवलं. आता तो मेडेरोसच्या घरी जाणार."

"नको म्हणाली? मुकुट कुणी नाकारतं का?"

"मीही तेच म्हणाले. म्हणाल्या, गुडघे दुखतात."

बसमध्ये देओलिंडा पाव मांडीवर घेऊन बसली. ओतिलियाचे गुडघे गेली तीस वर्षं दुखत होते. नवरा मेला त्या वर्षीही तिने चिठ्ठी टाकली होती. गुडघ्यांसाठी मुकुट नाकारणारी बाई ती नव्हे. मग दार उघडं ठेवायला तिला नको का होतं? आत असं काय होतं, जे लोकांनी बघू नये? तळ्याजवळच्या थांब्यावर उतरेपर्यंत देओलिंडाला उत्तर जवळजवळ कळलं होतं. पावलं आपोआप मंद झाली.

ओतिलियाच्या जिन्याखाली फाटलेल्या कचऱ्याच्या पिशव्या होत्या. वरच्या मजल्याच्या व्हरांड्यातून कुत्रा भुंकला. आवाज ओळखीचा होता. बुधवारी तिने तो फोनवर ऐकला होता.

ओतिलियाने साखळी न काढता दार फटभर उघडलं. "कोमाद्रे! सांगून तरी यायचंस."

"इकडून चाललो होतो," देओलिंडा म्हणाली. वेनान्सियोचं वाक्य तिच्या तोंडून जसंच्या तसं निघालं.

आत दिवाणखान्यात, जिथे वेदी उभी राहायची त्या भिंतीपाशी, छताला तपकिरी डाग पडून फुगवटा आला होता आणि खाली सूप करायचं मोठं भांडं ठेवलेलं होतं. त्यात थेंब पडत होते. वरती टीव्ही इतक्या मोठ्याने लागला होता की कपाटातल्या बशा किणकिणत होत्या. खुर्चीवर, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेलं, वेदीचं पांढरं कापड होतं.

दोघी बसल्या. कॉफी झाली. पाव कुणी कापला नाही.

"किती महिने?" देओलिंडाने विचारलं.

ओतिलियाने कशाचे ते विचारलं नाही. "नऊ."

"पावत्या पाहिल्या होत्यास?"

"पाहिल्या ना. उशिरा पाहिल्या. किल्ली दिल्यावर." ती किंचित हसली. "आकडा हललाच नव्हता. बघ, तीस वर्षं कुपनं मोजली आणि..."

"मग मला सोनं का म्हणालीस?"

वरती काहीतरी जड आपटलं. ओतिलियाने वर पाहिलंसुद्धा नाही, नुसते खांदे आक्रसून घेतले, आणि देओलिंडाला ती टेबलावर उभी राहिलेली पावणेपाच फुटांची मुलगी आठवली.

"तोच म्हणाला. दुसरीकडे जागा मिळाली तर जातो, पण चांगलं सांगा. वकील म्हणतो कोर्टातून वर्ष जाईल. कोमाद्रे, मला वर्ष आहे का? रोझरी म्हणायला लोक आले असते तर या डागाखाली बसवलं असतं? हा आवाज ऐकवला असता?"

"म्हणून माझ्या डोक्यावर बसवायचा?"

"तुला नेलिया आहे." हे तिने खाली मान घालून, पण स्पष्ट म्हटलं. तिने ते आधी बरेच दिवस स्वतःशी म्हणून पाहिलं असावं. "सीकाँकला खोली तयार आहे तुझी. तू बुडालीस तरी कुठेतरी लागशील. मी कुठे लागू?"

"ती खोली मला नको आहे, ओतिलिया."

अठ्ठेचाळीस वर्षांत तिने पहिल्यांदा ते नाव घेतलं. दोघींनीही ते ऐकलं. ओतिलियाने कप बशीवर ठेवला. देओलिंडाला वाटलं आपण आता ओरडू, किंवा रडू, पण तिला नुसतं घरी जाऊन पडावंसं वाटत होतं. ती उठली. दाराशी तिला पिशवीतलं कापड पुन्हा दिसलं. मुकुटाभोवती पांढऱ्या दोऱ्याची कबुतरं विणली होती, एकेक पंख निराळा.

"कबुतरं चांगली झालीत," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

शनिवारी ट्रॅव्हिस ठरल्या वेळी आला. देओलिंडाने दार उघडं धरलं, पण आत बोलावलं नाही. पाकीट त्याच्या हातात दिलं.

"शीतगृहात तुम्हाला कुणी ओळखत नाही."

त्याने कागद काढून पाहिलेही नाहीत. चिडलाही नाही. एखाद्या दुकानात आपल्या मापाचे बूट नसावेत, तसा चेहरा. "आजकाल खरे कागद कोण देतं, मिसेस फुर्तादो? पंधरा डॉलरमध्ये बनवून मिळतात. खरे दाखवले तर मला घर कोण देईल? तुम्ही दिलं असतं?"

वेनान्सियो असता तर त्याने शेगडी बघितली असती. रस्त्याच्या कडेला त्याच्या गाडीत मागच्या सीटवर मुलगी बसली होती, आठ-नऊ वर्षांची. काचेवर तोंडाची वाफ सोडून बोटाने काहीतरी काढत होती. फ्रिजवरच्या दोन रेघा नेलियाने कुणासाठी ओढल्या होत्या, ते देओलिंडाला तेव्हा कळलं. तिने दाराच्या कडीवरचा हात काढला नाही.

"नाही," ती शेवटी म्हणाली. "आता नाही."

"ठीक. मग आम्ही आहोत तिथेच बरे." तो जिन्याच्या दोन पायऱ्या उतरून थांबला. "तुमच्या मैत्रिणीला सांगा. तिला वाटत होतं आज मी सामान हलवणार."

नेलियाला तिने दुपारी फोन केला. "नाही दिलं. कागद खोटे होते. कंपनीचा नंबर मीच शोधला."

"बघ! बघ, आई! यादीचा उपयोग झाला की नाही?"

"झाला."

"आणि धर्मआई काय म्हणाली? तिला धक्का बसला असेल."

देओलिंडाने खिडकीतून पुलाकडे पाहिलं. "तिला ठाऊक नव्हतं गं. तिलाही फसवलंय त्याने."

"बिचारी."

"हो."

फोन ठेवल्यावर तिने अननसाचं चुंबक काढून कागद टेबलावर घेतला आणि पेन्सिलीने, मोठ्या वाकड्या अक्षरांत, खाली एक ओळ लिहिली: हल्लीच्या घरमालकाला विचारू नये, त्याच्या आधीच्याला विचारावं. मग थोडं थांबून: हल्लीच्याला भाडेकरू घालवायचा असू शकतो. लिहून झाल्यावर तिने ते वाचलं. आणखी काही लिहायचं होतं, पण ते यादीत बसणारं नव्हतं. कागद पुन्हा लावताना तो वाकडा बसला, तसाच राहू दिला.

रविवारी मुकुट मेडेरोसच्या घरी गेला. देओलिंडा मिरवणुकीत शेवटपर्यंत चालली नाही, अर्ध्यातूनच घरी परतली. ओतिलिया आली नव्हती. दुपारी चारला फोन वाजला. गेली कित्येक वर्षं ओतिलियाचा फोन दर रविवारी चारलाच येतो. देओलिंडाने तो वाजू दिला. चौथ्या घंटेला ती खुर्चीतून उठली, सहाव्या घंटेला उचलला.

पलीकडे वरचा टीव्ही ऐकू येत होता. मग ओतिलियाचा आवाज, लहान मुलीसारखा. "तू चिडली आहेस."

"थकलेय."

"तो म्हणतो आता वर्षभर हलणार नाही."

"त्याला म्हणू दे. तू नोटीस दिलीस का?"

"वकिलाने दिली. मी कोर्टात गेले नाही. काय बोलायचं तिथे? मला इंग्रजी..."

देओलिंडाने डोळे मिटले. ते लाकडी बाक तिच्या पाठीला पाठ होतं. खिडकीखालची तिसरी रांग, तिथे वारा लागत नाही. तारखा, पांढरे आणि पिवळे अर्ज, दुभाषा मागायचा असेल तर तो सकाळीच मागावा लागतो, हे सगळं तिने चौदा महिन्यांत शिकून घेतलं होतं. आणि शिकून काय करायचं, असा प्रश्न तिला पडला होता.

"मंगळवारी जाऊ," ती म्हणाली. "साडेआठला तयार राहा, मी टॅक्सी घेऊन येते. त्याने तुला दिलेल्या पावत्या घे. बँकेचं पुस्तक घे. छताचा फोटो ग्रासिंडाच्या मुलीकडून काढून घे. आणि स्वेटर घाल, तिथे मे महिन्यातही गारठा असतो."

"तू येशील माझ्याबरोबर?"

"म्हटलं ना, साडेआठला."

"कोमाद्रे," ओतिलिया म्हणाली, आणि रडायला लागली.

देओलिंडा ऐकत उभी राहिली. तिने उलट कोमाद्रे अशी हाक मारली नाही. फोनही ठेवला नाही. डोक्यावर मधला मजला रिकामा होता, आणि खिडकीतली पाटी अजून एका बाजूने लोंबत होती. उद्या जिना चढून ती सरळ करायला हवी होती.